चाळीसच्या चाळीस

॥ नमो बुद्धाय ॥

सोतगोल,
३० मे १९९३

चि. मालसुन हिस दालसूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बुद्धजयंतीच्या सकाळी मी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे बाकीचं पत्र निवांत लिहिता येईल. उजाडायच्या आत तोंड धुतलं, आईच्या तसबिरीपुढे पाण्याची वाटी ठेवली आणि बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो. बस अर्धा तास उशिरा आली. कंडक्टरीणबाईने तुझ्या दोन पेट्या नाक मुरडत खाली दिल्या आणि म्हणाली, काका, आत काय वळवळतंय? म्हटलं, आमच्याच गावचे आहेत, शिकायला राजधानीला गेले होते, सुट्टीला आलेत. ती काही हसली नाही.

मठाखालच्या डोहावर सगळं गाव जमलं होतं. म्हाताऱ्या भिक्खूंनी लाकडी ठोकळा वाजवायला सुरुवात केली, बायकांनी सूत्र धरलं, आणि मी ओल्या शेवाळातून एकेक बेडूक हाताने उचलून पाण्यात सोडला. मोठ्याने मोजत होतो. एप्रिलमध्ये तू ते न्यायला आलीस तेव्हा अर्धं गाव नको म्हणत होतं, ते तुला आठवत असेल. त्या डोहात आजोबांच्या काळापासून कुणी गळ टाकलेला नाही. तेव्हा मी बुद्धमूर्तीपुढे उभा राहून शब्द दिला होता की माझी बहीण त्यांच्या पाठीचा चीक तेवढा काढून घेईल आणि चाळीसच्या चाळीस परत आणेल. म्हणून मोजत होतो. चाळीस म्हणताना आवाज जरा फुटला. लोकांनी ऐकलं नसावं.

आता तुझी एक चूक काढतो. मोठ्या शास्त्रज्ञ बाईची चूक काढायची संधी मला रोज कुठे मिळते! तू लिहिलं होतंस की पाठीला हलका विजेचा झटका दिला की चीक पाझरतो, मग महिना-दीड महिना ग्रंथी रिकाम्या राहतात. सोडायच्या आदल्याच आठवड्यात शेवटचा चीक काढेन, तेव्हा दादा, तू त्यांना मांजराच्या पिलांसारखं कुरवाळ, खाज यायची नाही. अगं, कसली मांजराची पिलं! दहावा बेडूक सोडेपर्यंत तळवे पेटले होते. संध्याकाळपर्यंत ओरबाडत होतो. तुझ्या वहिनीने सोयाबीनची चटणी चोळली, त्याने आणखीच आग झाली. ती म्हणते, नवं शास्त्र आणि जुनं औषध दोन्ही एकाच दिवशी हरलं. मी मात्र मनातून खूश आहे. वाटलं, घरच्या पाण्याचा वास आला आणि त्यांचं अंग भरून आलं. भिक्खूंनाही तसं सांगितलं. ते नुसते हसले.

माझा नावाचा शिक्का तुझ्याकडेच राहू दे, सरपंच म्हणूनही तोच चालतो. तुमच्या कॉलेजात कागदाला कागद लागतो, दर वेळी टपालाने पाठवत बसलो तर तुझं काम अडेल. वहिनीचं म्हणणं, माणूस घर देईल, बैल देईल, पण शिक्का कुणाला देत नाही, कारण कचेरीत सहीला कोण विचारतं, शिक्का म्हणजेच माणूस. मी म्हटलं, मालसुन म्हणजे कुणी नव्हे.

त्या चिकात सापडल्या म्हणतेस त्या दोन साखळ्यांचं एकदा सोपं करून लिही. ओकबुन आजी रोज विचारते की बेडकाच्या घामाने माणूस कसा बरा होतो, आणि मी सरपंच असून मला सांगता येत नाही.

तब्येतीला जप. लोभ आहे तो असाच वाढू दे.

तुझा दादा,
दालसू


सोल,
९ जून १९९३

ती. दादास मालसुनचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाठोपाठ दोनदा वाचलं. हातासाठी मलमाची डबी सोबत पाठवते आहे, वहिनीला म्हणावं चटणी भातावर ठेव. खाजेचं मात्र फार कुणाशी बोलू नकोस. लोक उगीच घाबरतात. काही बेडकांच्या ग्रंथी लवकर भरतात, तसं झालं असेल.

आता तुझ्या ओकबुन आजीसाठी. जंतूला आपल्यासारखं कातडं नसतं. त्याच्याभोवती एक तेलकट, दुपदरी पापुद्रा असतो, दुधावरच्या सायीपेक्षा कितीतरी पातळ. तो शाबूत आहे तोवर जंतू जिवंत. त्या पापुद्र्यावर ऋण भार असतो आणि बेडकाच्या चिकातल्या साखळ्यांवर, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांच्या माळांवर, धन भार, म्हणून त्या आपोआप त्याला जाऊन चिकटतात. आपल्या अंगातल्या पेशींवर बाहेरून तसा भार नसतो, म्हणून आपण बऱ्यापैकी वाचतो. नेहमीचं औषध जंतूच्या एखाद्या यंत्रात काठी घालतं, आणि जंतू हळूहळू ते यंत्र बदलून टाकतो. पण अख्खा पापुद्रा बदलणं सोपं नाही. आईच्या पाठीच्या जखमेतल्या जंतूंवर एकही औषध चाललं नाही, तेव्हापासून मी ह्याच्यामागे आहे, हे तुला नव्याने सांगायला नको.

साखळ्या दोन आहेत. वहीत मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. थोरली पापुद्र्यावर आडवी पडून राहते, अर्धी बुडालेली. तिच्या वजनाने तो ताणला जातो, पातळ होतो. कधीतरी भोक पडतं, ते टिकतंही, पण फार उशिरा, आणि तोवर जंतू सावरतात. धाकटी घाईची. चटकन आत घुसते, भोक पाडते, पण ते तितक्याच चटकन मिटतं. एकटी थोरली घे, सोळा थेंब ओत, जंतू जिवंत. एकट्या धाकटीचंही तेच. दोघींचा मात्र एकेक थेंब एकत्र टाकला की तासाभरात बशी स्वच्छ! त्या जोडीने उभ्या राहतात, पाठीला पाठ लावून. भोक लगेच पडतं आणि उघडं राहतं, मग जंतूचं आतलं सगळं बाहेर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं बशी धुताना चूक झाली. पाचदा करून पाहिलं. जोडीतली एक काढून घेतली की दुसरी भिंतीपुढे नुसती भिकारीण.

एक काम आहे. आमच्या प्रमुखांना वाटतं की ह्या दोघींना एखादी तिसरी बहीण असावी. सप्टेंबरात वरच्या डोहांतून, झऱ्याच्या तिसऱ्या वळणापासून पुढे, तीनशे बेडूक लागतील. वनकचेरीच्या अर्जावर सरपंचाचा शिक्का हवा. शिक्का इथेच आहे, म्हणून तुला खेप पडणार नाही.

वहिनीला नमस्कार. मका लागला का? लोभ असू दे, रागवायचं झालं तरी लोभ ठेवून रागव.

तुझी,
मालसुन


सोतगोल,
२७ जून १९९३

चि. मालसुन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मलम पोचलं. खाज दुसऱ्या दिवशीच गेली होती, आता ते वहिनी टाचांना लावते.

तुझी थोरली-धाकटी मला पटली आणि गावालाही पटवली. परवा लावणी संपल्याचं जेवण होतं. पडवीत भाताचा गोळा कुटत होते, मी मोगरी मारत होतो आणि ओकबुन आजी ओल्या हाताने गोळा उलटत होती. मी म्हटलं, आजी, हेच ते. मी एकटा मारत बसलो तर भात उखळाला चिकटेल, तू एकटी उलटत बसलीस तर तो भातच राहील. दोघांनी मिळून केलं तर चार घावांत लोण्यासारखा गोळा. आजी म्हणाली, ते खरं, पण माझा हात मोगरीखाली असतो, तुझा नसतो. सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मनात राहून गेलंय.

तीनशेचं वाचलं. शिक्का मारू नकोस. चाळिसांचं मी माझ्या शब्दावर केलं, तीनशेचं गावाला विचारल्याशिवाय होणार नाही. विचारतो. चाळीस परत आले हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा कदाचित हो म्हणतीलही. पण हेही परत येणार ना? त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस.

आणि तो प्यो, तिसऱ्या वळणावर राहतो तो. हिवाळ्यात बेडूक धरून खानावळींना विकतो म्हणून मी त्याला दोनदा दंड केलाय. हल्ली मला पाहिलं की दात काढतो. काल आडवा येऊन म्हणाला, काय सरपंच, पुण्य कितीला पडलं? मी म्हटलं, बाबा, पुण्याला भाव नसतो. तो म्हणाला, असतो असतो, डझनावर असतो. प्यालेला असेल म्हणून सोडून दिलं.

उत्तर लवकर लिही. लोभ आहेच, पत्रही असू दे.

दादा


सोतगोल,
१४ जुलै १९९३

मालसुन हिस आशीर्वाद.

मागच्या पत्राला सतरा दिवस झाले. उत्तर नाही. तू आजारी असशील असं वाटून सहकारी दुकानातून फोन लावला. पलीकडच्या मुलीने सांगितलं की मॅडम छान आहेत, आत काम करताहेत, बोलावू का? मी म्हटलं नको.

आज बाजारात पावसाने सगळे एका छपराखाली अडकलो. प्यो शेजारीच होता, आणि शुद्धीवर होता. मला म्हणाला की सरपंच, मला धरून दंड करता आणि तुमच्याच घरची माणसं माझं गिऱ्हाईक, हा कुठला न्याय? मी विचारलं, कोण घरची? तर सांगायला लागला की राजधानीच्या बाईचा निरोप आला होता, खरबरीत पाठीचे चाळीस हवेत, बुद्धजयंतीच्या आत हवेत, आकाराने मध्यम हवेत. त्याने ते तिसऱ्या वळणावर चार दिवसांत धरले. तुझा माणूस तालुक्याच्या स्टँडवर रिकाम्या पेट्या घेऊन आला होता. शेवाळसुद्धा तिथेच भरलं. पेट्या राजधानीहून आल्याच नाहीत. तालुक्याहून आल्या. हे सगळं सांगताना त्याच्या आवाजात कुचेष्टाही नव्हती, मला माहीत असणार असंच तो धरून चालला होता. शेवटी म्हणाला, मी वरून काढले, तुम्ही खाली सोडले, त्यासाठी भिक्खूंना एवढी तसदी कशाला दिलीत?

मी पाऊस थांबायच्या आधीच निघालो.

माझे तळवे का पेटले होते ते आता कळलं. त्या बेडकांचा चीक कुणी काढलाच नव्हता. आणि मी तेच तुला गंमत म्हणून लिहिलं, आणि तू मलम पाठवलंस.

एकच विचारतो. माझे चाळीस कुठे आहेत?

दालसू


सोल,
२२ जुलै १९९३

ती. दादास सा. न. वि. वि.

ते नाहीत. एप्रिल संपायच्या आतच गेले.

मांजराच्या पिलांचं पत्र लिहिलं तेव्हा ते खोटं नव्हतं, एवढं तरी खरं मान. वीस दिवस मी चीकच काढत होते. थोरली भरपूर मिळाली. धाकटी इतकी कमी, की तिच्यातले मणी कुठल्या क्रमाने ओवलेत ते वाचताच येईना. ती कातडीत असते, चिकात नुसती सांडल्यासारखी येते. प्रमुखांनी सांगितलं, कातडी घ्या नाहीतर विषय दुसऱ्याला द्या. दुसरा म्हणजे कोण ते तुला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. मी एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी तुला फोन करायला दोनदा उठले. तू काय म्हणणार ते माहीत होतं म्हणून नाही केला. मग त्यांना बर्फात झोपवलं. त्यांना कळलं नाही, दादा. चाळीसही मी माझ्या हाताने केले, प्रयोगशाळेतल्या मुलांना करू दिले नाहीत.

मग बुद्धजयंती जवळ आली. तू लिहीत होतास की बायका सूत्र पाठ करताहेत, भिक्खूंनी मुहूर्त काढलाय. तेव्हा सांगायला हवं होतं. मला वाटलं, बेडूक ते बेडूक, झरा तोच, तुझा शब्दही राहील. खरंच वाटलं. आणि आणखी एक, ते आता लपवत नाही. कॉलेजच्या कचेरीला दाखला हवा होता की प्राणी जिथून घेतले तिथे परत सोडले. त्यावर तुझा शिक्का मीच मारला. बुद्धजयंतीच्या आठ दिवस आधी.

पण काय मिळालं तेही ऐक. धाकटीचा क्रम आता पुरा वाचला आहे. एकवीसच्या एकवीस मणी. उद्या ती यंत्रात जोडता येईल, त्यासाठी पुन्हा एकही बेडूक लागणार नाही. थोरलीचंही तसंच. ज्या जंतूंनी आईला नेलं त्यांच्या जातीच्या बशा माझ्यापुढे स्वच्छ पडल्या आहेत. तू म्हणतोस माझे चाळीस. दादा, आई पण माझीच होती. घाटात बर्फ आहे म्हणून तू आला नाहीस. शेवटचे एकोणीस दिवस मी इथे तिची पाठ पुसली. रोज सकाळी पट्टी उघडायची आणि रोज भोक मोठं झालेलं. ती विचारायची, दालसू निघाला का? मी सांगायचे, निघालाय, वाटेत आहे. ते खोटं तुझ्यासाठीच होतं ना? त्याबद्दल कुणी गावात सभा भरवली नाही.

तिसऱ्या बहिणीच्या शोधाचा अर्ज १५ ऑगस्टपर्यंत द्यायचा आहे. तीनशे परत येणार नाहीत, हे आता स्पष्टच लिहिते. तुझ्यासाठी थांबले आहे, पण फार थांबता येणार नाही. शिक्का माझ्या खणात आहे. तुला विचारून मारावा अशी इच्छा आहे. न विचारता मारायची वेळ आणू नकोस.

कळावे. लोभ मागायला तोंड नाही, पण सवयीने मागते.

मालसुन


॥ नमो बुद्धाय ॥

सोतगोल,
९ ऑगस्ट १९९३

चि. मालसुन हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याला पंधरा दिवस झाले. रोज लिहायला बसायचो आणि बटाट्याचं काहीतरी काम निघायचं. काम निघत नव्हतं, मी काढत होतो.

बर्फाचं तू लिहिलंस ते खरं आहे. पण घाट बारा दिवस बंद होता, एकोणीस नव्हे. उरलेले सात दिवस मी भीतीने आलो नाही. आईला तसं पाहवणार नव्हतं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही. तू आता कधीही मला ते बोलून दाखवू शकतेस.

आधी भिक्खूंकडे गेलो. सगळं सांगितलं. ते मठाच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते, सोलायचे थांबले नाहीत. विचारलं, तुला माहीत होतं का? म्हटलं, नाही. मग विचारलं, माहीत करून घ्यायचं होतं का? मी माझ्या तळव्यांकडे पाहिलं. मालसुन, त्या सकाळी माझ्या हातांना कळलं होतं. महिनाभर खाज येणार नाही असं तूच लिहिलेलं होतं आणि हात पेटलेले होते. एखाद्या पोरालाही समजलं असतं. मी मात्र त्याचा चमत्कार केला आणि वर तो लोकांना वाटूनही टाकला.

मग झाडाखाली गाव जमवलं. उभं राहून सांगितलं की चाळीस परत आले नाहीत, जे सोडले ते आपल्याच वरच्या डोहातले होते, आणि माझा शब्द खोटा झाला. सरपंचपदही सोडलं. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. प्यो मान खाली घालून बसला होता. ओकबुन आजी बोटांवर हिशेब करत होती, मग म्हणाली, अरे, म्हणजे चाळीस तिकडे गेले आणि चाळिसांची इकडे घरं मोडली. पुण्य मोजायला बसलो तर उणे निघतंय की रे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, पोरगी हुशार आहे, आपण तिला हुशारी शिकायला पाठवलं, बाकीचं आपणच शिकवायचं राहिलं. पद त्यांनी परत माझ्याच गळ्यात घातलं. म्हणाले, ज्याने भोक पाडलं त्यानेच बुजवावं.

त्या शब्दाने मला तुझ्या साखळ्या आठवल्या. शेतात काम करताना मी तेच घोळवत असतो. तू एकटी आली असतीस तर ह्या डोहातला एक बेडूक तुला कुणी उचलू दिला नसता. तू भोक पाडलं असतंस, ते गावाने लगेच मिटवलं असतं. आणि मी एकटा शंभर वर्षं इथे राहिलो तरी मारायला माझा हात उठला नसता. पण मी काय केलं? गावावर आडवा पडून राहिलो. माझी बहीण आहे, माझा शब्द आहे, माझा शिक्का आहे, म्हणत म्हणत गावाचा नकार ताणून पातळ केला. मग तू चटकन आत शिरलीस. भोक पडलं आणि उघडंच राहिलं. इतके दिवस मला वाटत होतं की तू मला फसवलंस. फसवलंसच, ते दुखतं, हे पत्र लिहिताना जास्त दुखतं. चौदा वर्षांचा असताना मी शाळा सोडली ती तुझी फी भरता यावी म्हणून, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. ह्या जुलैत पहिल्यांदा वाटलं. पण फसवणुकीत थोरली साखळी मी होतो, हेही मला लिहून ठेवायचं आहे.

चाळिसांनी जे दिलं ते टाकून देऊ नकोस. मणी वाचलेस ना, आता यंत्रात ओव. एखाद्या आईची पाठ त्याने भरून आली तर मी इथे दिवा लावेन, मनापासून लावेन. पण तिसऱ्या बहिणीसाठी तीनशे नाहीत. त्यांची गरज आईला नव्हती, तुमच्या प्रमुखांना आहे. आणि मला विचारून मारायचा म्हणतेस त्या शिक्क्याचं उत्तर तूच जूनमध्ये लिहिलं होतंस. जोडीतली एक काढून घेतली की दुसरीचं काही चालत नाही.

म्हणून परवा सकाळी तालुक्याला गेलो. वडिलांनी लग्नात दिलेला तो शिक्का, तो तुझ्या खणात आहे, तिथेच राहू दे. परत पाठवू नकोस. बोरीच्या लाकडाचा नवा कोरून घेतला. कारागीर म्हणाला, जुना हरवला का? म्हटलं, नाही, दिलेला होता. मग कचेरीत गेलो. कारकुनाने शिक्क्यांची नोंदवही काढली, तीस वर्षांपूर्वीचं पान उघडलं. शाई तपकिरी झाली होती. त्याने पुन्हा विचारलं, नक्की ना, एकदा रद्द केला की त्या शिक्क्याने मारलेला पुढचा एकही कागद चालणार नाही. वनकचेरीलाही तसं कळवतात. मी हो म्हणालो. त्याने जुन्या ठशावर पट्टी ठेवून दोन लाल रेघा ओढल्या, एक अशी आणि एक तशी, आणि शेजारी नवा ठसा घेतला. तिथल्याच बाकावर बसून तुमच्या कॉलेजच्या कचेरीला दोन ओळी लिहिल्या: मे महिन्यातल्या दाखल्यावरचा शिक्का मी मारलेला नाही, चाळीस बेडूक परत आलेले नाहीत. त्याने तुझ्यावर काय ओढवेल ते मला माहीत नाही. बराच वेळ पाकीट हातात धरून बसलो. मग पेटीत टाकलं.

आईच्या श्राद्धाला ये. ताट मांडलेलं असेल. तुझ्या वहिनीचा नमस्कार. लोभ आहे, तो जाणार नाही. वाढव म्हणायचं मात्र ह्या खेपेला राहू दे.

पत्राखालचा ठसा नवा आहे. ओळख करून घे.

दालसू